खिशातला फ्यूज

मास्तर काही शाळेत शिकवत नव्हता. तो नगरपालिकेच्या दिवाबत्ती खात्यात वायरमन. पण खात्यात नवीन भरती झाली की पोरांना शिडी कशी लावायची, पट्टा कसा बांधायचा, तारेला हात लावायच्या आधी काय काय बघायचं, हे शिकवायचं काम गेली पंधरा-सोळा वर्षं त्याच्याकडे होतं, म्हणून मास्तर. जुन्या शहरातले, म्हणजे तटाच्या आतले, सगळे दिव्याचे खांब त्याच्या ताब्यात. सहाशे बारा. आकडा विचारायची खोटी, लगेच सांगायचा, आणि नाही विचारला तरी सांगायचा.

माणूस तसा वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्हाला तसं वाटेलच असं नाही. कामाला चोख. "मास्तर, आमच्या कोपऱ्यावरचा दिवा गेलाय," असा फोन आला की भरल्या ताटावरून उठायचा. बायको म्हणायची, "मोरीतला बल्ब जाऊन तीन आठवडे झाले. त्यासाठी मी नगरपालिकेत अर्ज देऊ का?" खोड एकच. चार माणसं ऐकतायत असं दिसलं की गोष्टीला तिखटमीठ लावायचा. त्या तिखटमिठानेच पुढे घात केला.

त्याचा पहिला धडा ठरलेला. रस्त्यावरच्या दिव्यांना वीज जाते ती गल्लीच्या तोंडाशी असलेल्या लोखंडी पेटीतून. पेटीतला फ्यूज काढला की अख्ख्या गल्लीचे दिवे बंद. मग शिडी लावून वर चढायचं. आता तो काढलेला फ्यूज ठेवायचा कुठे? पेटीवर नाही, शिडीपाशी नाही, जोडीदाराच्या हातात तर मुळीच नाही. जो चढणार त्याच्याच खिशात. तो खाली उतरून स्वतःच्या हाताने फ्यूज बसवेपर्यंत कुणाचा बापही गल्लीत वीज सोडू शकत नाही. हा नियम कुठल्या पुस्तकात छापलेला नव्हता, पण खात्यात तो मोडायची कुणाची टाप नव्हती.

नियम सांगून झाला की मास्तर घसा साफ करायचा. "आमच्यात एक जण होता. हाडाचा कारागीर. पण घमेंड केवढी! म्हणायचा, मला फ्यूज काढायची गरजच नाही, तारेत वीज आहे की नाही ते मला वासावर कळतं." इथे मास्तर नाक वर करून हुंगून दाखवायचा. "एका संध्याकाळी चढला तसाच. फ्यूज पेटीत, आणि हा वर. धरली तार. उजव्या हाताची दोन बोटं जळाली. तेव्हा मात्र वास आला." पोरं खो खो हसायची, आणि हसून झालं की नकळत आपापले खिसे चाचपायची. धडा पक्का.

ही गोष्ट खोटी होती. ती खोटी आहे हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक मास्तर, आणि दुसरा तो बोटं गेलेला माणूस. तो माणूस म्हणजे मास्तरच्या बायकोचा सख्खा मोठा भाऊ. दादा.

खरं काय झालं होतं ते सांगतो. सव्वीस वर्षांपूर्वी मास्तर खात्यात नवा होता, नोकरी कच्ची होती, आणि दादा त्याचा गुरू होता. हातात पक्कड कशी धरायची इथपासून दादाने शिकवलं. पुढे त्यानेच आपल्या बहिणीसाठी या पोराचं नाव घरात काढलं, आणि लग्न ठरलं. लग्न पंधरा दिवसांवर आलेलं असताना एका संध्याकाळी दोघं धान्यबाजारामागच्या गल्लीत काम करत होते. दादाने पोराला वायर आणायला गोदामात पाठवलं, त्याच्या पाठीमागे पेटीतला फ्यूज काढून खिशात घातला आणि गल्लीच्या वळणापलीकडे शिडी लावून वर चढला. पोरगा वायर घेऊन परत आला तेव्हा अंधार पडला होता. पेटीपाशी सातआठ माणसं जमून आरडाओरडा करत होती. लाइट का गेली, म्हातारी माणसं पडतील, तुम्ही पगार कशाचा घेता. पोराने पेटी उघडली, फ्यूजची जागा रिकामी दिसली. त्या काळात आतल्या पितळेसाठी फ्यूज चोरीला जायचे. याला वाटलं, चोरलाच कुणी तरी. पिशवीत एक जादा फ्यूज होता. लोकांसमोर जरा मर्दुमकी दाखवावी म्हणून म्हणाला, "सरका, आत्ता लावतो," आणि दाबून बसवला.

वळणापलीकडून जी किंकाळी आली ती ऐकून सगळे धावले. दादा पट्ट्याला लोंबकळत होता. त्याच्या शर्टाच्या खिशात पहिला फ्यूज होता.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात साहेब चौकशीला आले. पोरगा पलंगाच्या पायथ्याशी उभा. साहेबांनी विचारलं, "फ्यूज कुठे होता?" दादा म्हणाला, "पेटीतच. काढायला विसरलो." साहेबांनी लिहून घेतलं आणि गेले. मग दादाने डाव्या हाताने उशीखालून तो फ्यूज काढून पोराच्या हातात दिला. "भंगारात टाकून दे. तुझी नोकरी गेली तर हिचं लग्न मोडेल. माझी बोटं काही परत यायची नाहीत." पोराने फ्यूज भंगारात टाकला. ठरलेल्या दिवशी त्याचं लग्न झालं. दादाला शिडीवरून काढून गोदामात बसवलं, तिथे त्याचं मन रमेना, मग त्याने नोकरी सोडून घराच्या पुढच्या खोलीत इस्त्र्या-पंखे दुरुस्त करायचं दुकान टाकलं. तीन बोटांनी अजून करतो.

आता तुम्ही म्हणाल, ज्याने एवढं केलं त्याचीच टिंगल हा माणूस करत होता? हो, करत होता. पहिल्यांदा ही गोष्ट सांगायला साहेबांनीच भाग पाडलं होतं. "पोरांना तो अपघात सांगा, जरा धाक बसेल." त्या दिवशी मास्तरची जीभ अडखळली होती. दहाव्या वेळेला नाही अडखळली. विसाव्या वेळेला पोरांना कंटाळा येऊ नये म्हणून त्याने वासाचं वाक्य घातलं. शंभराव्या वेळेपर्यंत त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसायला लागला होता. लाज एकदा गिळली की दुसऱ्यांदा घशाला लागत नाही.

आणि मग ते प्रकाशाचं प्रदर्शन आलं.

आठ संध्याकाळी जुन्या शहरात दिव्यांची कला दाखवणार होते. कुठून कुठून कलाकार आले. वेशीच्या कमानीवरून उजेडाचं पाणी वाहणार, घड्याळाच्या मनोऱ्यावर मोठाल्या सावल्या चालणार, तटाच्या दगडांवर चित्रं हलणार. पण त्यासाठी अंधार हवा. म्हणून साहेबांनी मास्तरला बोलावून सांगितलं, "आठ दिवस सात ते दहा तटाच्या आतले सगळे दिवे बंद ठेवायचे." मास्तरला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. सहाशे बारा दिवे चालू ठेवण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला आता ते बंद ठेवायचं काम. दोन दिवस तो घरात तणतणत होता. "कला म्हणे! दिवे घालवायचे आणि त्याला कला म्हणायचं. मग आपल्या मोरीत तर वर्षभर कलाच चाललीय."

पण त्या कलाकारांत एक पोरगी होती, तिशीतली, केस आखूड, खांद्याला कायम वायरीचं भेंडोळं. तिला धान्यबाजाराच्या भल्यामोठ्या दगडी भिंतीवर चित्रं दाखवायची होती आणि प्रोजेक्टरला वीज मास्तरच्याच पेटीतून हवी होती. मास्तरने तिला दिव्यांपासून वेगळी जोडणी करून दिली. चहा पिताना ती म्हणाली, "काका, माझं काम या शहरात राबणाऱ्या माणसांवर आहे. धोबी, सुतार, वायरमन. तुमच्या कामातली एखादी गोष्ट सांगा ना." झालं. मास्तर चढला हरभऱ्याच्या झाडावर. खिशातल्या फ्यूजचा नियम सांगितला, आणि मागोमाग ती गोष्ट. नाक वर करून हुंगूनही दाखवलं. ती पोटभर हसली. तिने फोनवर सगळं टिपलं होतं. "तुमचाच आवाज वापरू का? असं कुणाला बोलता येणार नाही." मास्तरच्या मनात क्षणभर पाल चुकचुकली. पण गोष्टीत कुणाचं नाव नव्हतं, गल्लीचं नाव नव्हतं, आणि आपला आवाज अख्खं शहर ऐकणार. तो म्हणाला, "वापरा की."

घरी त्याने बायकोला फक्त एवढंच सांगितलं की माझा आवाज लावणार आहेत. बायकोने तो आनंद गल्लीभर केला. आणि पहिल्याच संध्याकाळी ती दादालाही बरोबर घेऊन आली.

मास्तरने सात वाजता एकेका पेटीपाशी जाऊन दिवे बंद केले होते. जन्मात पहिल्यांदा त्याने आपलं शहर असं पाहिलं. रोजच्या पायाखालचे रस्ते अनोळखी झाले होते. जिथे पानाच्या पिचकाऱ्या आणि सोलवटलेला चुना दिसायचा तिथे निळा उजेड हळूहळू चढत होता. लोक हळू आवाजात बोलत होते, अनोळखी माणसं एकमेकांना वाट करून देत होती. वेशीखाली एक म्हातारे गृहस्थ उभे राहून नुसते वर बघत होते. मास्तरचा राग कुठल्या कुठे पळाला. बायकोच्या खांद्याला खांदा लावून तो धान्यबाजाराच्या भिंतीसमोर उभा राहिला, छाती दोन इंच पुढे. दादा बायकोच्या पलीकडे.

भिंतीवर पांढऱ्या रेषेने एक खांब उगवला. शिडी आली. आणि चहूबाजूंनी मास्तरचा आवाज घुमला, "आमच्यात एक जण होता."

ऐकता ऐकता मास्तरला घाम फुटला. भिंतीवर एक रेषेचा माणूस आला. त्याचं नाक वाढत वाढत तारेपर्यंत गेलं, तारेवर सरकलं, हुंगलं. गर्दी हसून हसून बेजार. मग ठिणग्यांचा झोत अख्ख्या भिंतीभर पसरला, आणि अंधारात दोन बोटं तेवढी उजळून विझून गेली. "तेव्हा मात्र वास आला," मास्तरचा आवाज म्हणाला. पुन्हा हशा. मागून कुणी तरी म्हणालं, "काय येडा माणूस असेल."

मास्तरच्या बायकोने दादाच्या पाठीत धपाटा घातला. "बघ दादा, अख्खं गाव हसतंय तुला. मी सव्वीस वर्षं हेच सांगतेय, लक्ष कुठे असतं तुझं?" तिला भावाचा भारी जीव. वहिनी गेल्यापासून ती रोज संध्याकाळी त्याच्याकडे जायची, चहा करायची, घर आवरायची, आणि आवरता आवरता तोंडाचा पट्टा चालू. दादाच्या हातून स्क्रू पडला तरी, "बोटं गेली पण अक्कल आली नाही." दूध उतू गेलं तरी, "तू आणि तुझा विसराळूपणा." दादा नुसता गालातल्या गालात हसायचा. आजही तसाच हसला. म्हणाला, "नाक फार मोठं काढलंय गं."

परत जाताना बायको शेजारणीशी बोलत पुढे गेली तेव्हा दादा मास्तरच्या बरोबरीला आला. मग म्हणाला, "आवाज छान आलाय तुझा." चार पावलं गेल्यावर म्हणाला, "वासाचं मात्र मी कधी बोललो नव्हतो रे."

बस, एवढंच. रागाने नव्हे, आठवण करून दिल्यासारखं. मास्तरला वाटलं, धरणी दुभंगून आत घेईल तर बरं. माझी बोटं नेलीस, नाव नेलंस, असं काही तो बोलला असता तर चाललं असतं. पण त्याने बाकी सगळं गिळलं आणि फक्त वरच्या तिखटमिठाची तक्रार केली, तीही अशी हळू की बहिणीला ऐकू जाऊ नये.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मास्तर त्या पोरीकडे गेला. आणि काय म्हणाला असेल? म्हणाला, "ते वासाचं तेवढं काढून टाका." बघा माणूस कसा असतो. चोरलेलं घर परत करायला निघाला आणि दाराची कडी काढून दिली.

ती म्हणाली, "अहो काका, लोक तिथेच तर हसतात. का काढायचं?"

"त्या माणसाला वाईट वाटलंय."

ती हातातली वायर ठेवून त्याच्याकडे बघायला लागली. "म्हणजे तो खरा माणूस आहे? इथेच असतो? मला वाटलं, शिकवण्यासाठी रचलेली गोष्ट आहे. मला त्यांना भेटायचंय. माफी मागायला हवी."

मास्तरने आधी नाही नाही ते सांगितलं. ते आजारी असतात, त्यांना आवडणार नाही, ते गावाला गेलेत. आजारी असलेला माणूस गावाला कसा गेला, हे तिने विचारलं नाही, नुसती बघत राहिली. मग मास्तर एका खोक्यावर बसला आणि मान वर न करता सगळं सांगून मोकळा झाला. लोकांची आरडाओरड, रिकामी पेटी, पिशवीतला जादा फ्यूज, "सरका, आत्ता लावतो." सांगताना त्याच्या लक्षात आलं की या गोष्टीत तिखटमीठ घालायला कुठे जागाच नाही. चार मिनिटांत संपली.

तिने फोन काढला. मग म्हणाली, "हे असंच माझ्या फोनवर बोलाल?"

"बोलतो."

"मला चित्रं बदलायला दोन दिवस लागतील. तोवर ती भिंत मी बंद ठेवते."

त्या दोन दिवसांत मास्तर दादाच्या दुकानात गेला. दादा एका पंख्याच्या गुंडाळीत डोकं घालून बसला होता. मास्तरने उभ्या उभ्याच सांगितलं की मी खरं काय ते बोललोय, परवा संध्याकाळी भिंतीवर लागेल.

दादाने मान वर केली. "काढून टाक."

"नाही दादा. आता हाही मोठेपणा तुम्हाला करू देणार नाही."

"मोठेपणा कसला, गाढवा." इतक्या वर्षांत दादाचा आवाज पहिल्यांदा चढला. "तिला कळता कामा नये. बाकी गावाला काय सांगायचं ते सांग."

"का पण?"

"तुला नाही कळणार," दादा म्हणाला, आणि पुन्हा पंख्यात डोकं घातलं.

मास्तरला खरंच कळलं नाही. त्याला वाटलं, दादा लाजतोय, उपकार उघड झालेले त्याला नकोत. आणि खरं सांगायचं तर त्याला आता स्वतःच्या मोकळं होण्याची घाई झाली होती. बायकोला आधी घरात, दार लावून, समोरासमोर सांगावं, हे त्याच्या मनात दहादा आलं. पहिल्या रात्री ती दमली होती म्हणून राहिलं, दुसऱ्या रात्री ती आनंदात होती म्हणून राहिलं. शेवटी तिनेच म्हटलं, "तुमचं नवीन केलंय म्हणे, चला बघायला," आणि हा शर्ट घालून मुकाट्याने निघाला. घरात तोंड उघडायची हिंमत नाही म्हणून त्याने ते काम भिंतीवर सोपवलं.

यावेळी दादा आला नाही. अंग दुखतंय म्हणाला.

भिंतीवर पुन्हा खांब उगवला. या खेपेला नाक नव्हतं. रेषेच्या माणसाने पेटीतून काही तरी काढून खिशात ठेवलं, आणि खिशाच्या जागी एक छोटा पिवळा ठिपका पेटून राहिला. तो ठिपका शिडीवरून वर गेला, वळणापलीकडे दिसेनासा झाला. मग खाली दुसरा माणूस आला. मास्तरचा आवाज आला, पण तो चढा, गोष्टी रंगवणारा आवाज नव्हता. कुठल्या तरी कचेरीत जबाब देताना येतो तसा सपाट. "त्यांनी फ्यूज खिशात ठेवला होता. दुसरा मी बसवला. पिशवीत होता. मी वर बघितलं नाही. नंतर त्यांनी साहेबांना सांगितलं, मी विसरलो. माझ्या लग्नासाठी सांगितलं. आणि मी पंधरा-सोळा वर्षं लोकांना सांगत आलो की ते घमेंडखोर होते."

कुणी हसलं नाही. भिंत काळी झाली, फक्त तो पिवळा ठिपका वर कुठे तरी बराच वेळ राहिला. मग टाळ्या सुरू झाल्या. शेजारच्या माणसाने मास्तरला ओळखलं आणि त्याचा हात धरून म्हणाला, "हिंमत लागते हो असं बोलायला." आणखी एक बाई डोळे पुसत म्हणाल्या, "फार मोठं मन तुमचं." मास्तरला त्या टाळ्या अंगावर खाजकुयली टाकल्यासारख्या झाल्या. बोटं गेलेल्याला "येडा" म्हटलं, आणि बोटं घालवणाऱ्याला मोठं मन. त्याने हात सोडवून घेतला आणि बायकोला शोधलं.

ती भिंतीकडेच बघत होती. त्याच्याकडे तिने वळूनही पाहिलं नाही. ती चालायला लागली, घराकडे नव्हे, दादाच्या घराकडे. मास्तर दोन पावलं मागून. रस्त्यावर दिवे नव्हते, त्यानेच बंद केले होते. सगळीकडे माणसं वर बघून हसत होती, पोरांना खांद्यावर घेऊन चित्रं दाखवत होती, आणि ही दोघं त्यातून खाली बघत निघाली होती. अर्ध्या वाटेत ती थांबली.

"माझ्यासमोर तो कधी एक शब्द बोलला नाही," ती म्हणाली. "मी त्याला रोज बोलत होते. त्याच्या बायकोसमोर बोलले, पोरांसमोर बोलले, गेल्या आठवड्यात गिऱ्हाइकासमोर बोलले. आणि तुम्ही तिथे बसून ऐकत होतात. चहा पीत होतात."

मास्तर खरंच चहा पीत होता. त्याला इतकी वर्षं वाटत होतं की आपण दादाचं चांगलं नाव चोरलं. या बाईकडूनही आपण काही चोरलं, तिच्या मायेला हा असला डाग लावून ठेवला, हे त्याच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

"तुम्ही मला त्याला बोलायला लावलंत," ती म्हणाली आणि पुढे गेली.

दादा दुकानाच्या खोलीत टेबलाशी बसला होता. समोर कुणाची तरी इस्त्री उघडून ठेवलेली. बहिणीचा चेहरा बघितला आणि त्याला सगळं कळलं. ती सरळ आत गेली, भांड्यांचा आवाज झाला, थोड्या वेळाने तीन कप चहा घेऊन आली. दादाचा कप तिने दोन्ही हातांनी त्याच्यासमोर ठेवला, त्याच्या धड डाव्या हाताच्या बाजूला, कपाचा कान त्याच्याकडे वळवून.

"गरम आहे. सावकाश घे," ती म्हणाली. परक्या पाहुण्याशी बोलावं तसं.

दादाने तिच्याकडे बघितलं. "एवढी साखर कमी? काय गं, लक्ष कुठे असतं तुझं?"

"अजून आणते," ती म्हणाली आणि उठली. साखर आणून तिने त्याच्या कपात घातली, ढवळून दिली, आणि हात मांडीत घेऊन बसली. खोलीत चौघडी घातलेले जुने पेपर पडले होते, स्क्रू विखुरले होते, खुर्चीवर दादाचा मळका शर्ट लोंबत होता. एरवी तेवढ्यावर तिने अर्धा तास त्याला फैलावर घेतलं असतं.

दादाने मग कप उचलला. डाव्या हाताने नाही, मुद्दाम उजव्या, तीन बोटांच्या हाताने. तोंडापर्यंत नेला आणि सोडला. मास्तर समोरच बसला होता, त्याने स्पष्ट बघितलं. कप निसटला नव्हता, त्याने सोडला होता. चहा उघड्या इस्त्रीवर सांडला, पेपरांवर पसरला, टेबलाच्या कडेवरून बहिणीच्या साडीवर ठिबकायला लागला. दादा बहिणीच्या तोंडाकडे बघत वाट पाहत राहिला.

ती उठली, फडकं आणलं आणि टेबल पुसलं. इस्त्री बाजूला करून उलटी ठेवली. आपल्या कपातला चहा त्याच्या कपात ओतला.

"असू दे, दादा," ती म्हणाली. "लागलं नाही ना?"

ती फडकं पिळायला आत गेली. दादा रिकाम्या दाराकडे बघत राहिला. मग त्याने मास्तरकडे बघितलं, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्याचे डोळे भरून आले होते.

"सांगितलं होतं तुला," तो हळूच म्हणाला. "आता ती मला कधीच रागावणार नाही."